प्लेटलेटचा आकडा आणि रोगाचा अंक

पावसाळा सरत आला की महाराष्ट्रातील लहानमोठ्या रुग्णालयांतून घरी परतणाऱ्या अनेक रुग्णांच्या कागदावर निदानाच्या रकान्यात एक ठराविक शब्दसमूह वाचावयास मिळतो : ‘व्हायरल फीव्हर विथ थ्रॉम्बोसायटोपेनिया’. विषाणुजन्य ताप आणि रक्तातील प्लेटलेटची घट, असा त्याचा सरळ अर्थ. शब्द भारदस्त असल्यामुळे रुग्णाचे व नातेवाइकांचे समाधान होते. बिल मंजूर करणाऱ्या विमा कंपनीचेही बहुधा होते. वास्तविक, जरा बारकाईने पाहिले तर या निदानात निदान असे फारसे काही नाही. त्याचा पूर्वार्ध कोणता विषाणू हे सांगत नाही आणि उत्तरार्ध प्रयोगशाळेच्या अहवालातील आकडाच ग्रीक शब्दांत पुन्हा सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीप्रमाणे या शब्दसमूहाला दोन संकेतांक द्यावे लागतात : बी ३४.९ आणि डी ६९.६. या दोन्ही संकेतांकांपुढे वर्गीकरणाने एकच विशेषण लावलेले आहे, आणि ते म्हणजे ‘अनिर्दिष्ट’.

रोगाला अंक देण्याचे हे काम रुग्णालयाच्या मागच्या खोलीत, नोंदवह्या सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने करावयाचे, आणि त्याच्याशी सामान्य नागरिकाला कर्तव्य नाही, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. परंतु कोणत्या जिल्ह्यात कोणता रोग वाढत आहे, औषधे कोठे पाठवावयाची, कोणत्या उपचारासाठी सरकारने किंवा विमा कंपनीने किती पैसे द्यावयाचे, हे सारे शेवटी या अंकांवरूनच ठरते. म्हणून अंक कसा पडतो आणि तो चुकीचा पडला तर काय होते, हे समजावून घेणे अगत्याचे आहे. प्लेटलेटचे उदाहरण त्यासाठी विशेष उपयुक्त आहे. कारण हा आकडा आज घरोघर माहीत झालेला आहे.

आकडा म्हणजे रोग नव्हे

प्लेटलेट, म्हणजेच रक्तबिंबिका, या रक्त गोठण्याच्या क्रियेत भाग घेणाऱ्या सूक्ष्म पेशी. इटालियन शास्त्रज्ञ जूलिओ बित्सोत्सेरो याने १८८२ मध्ये त्यांचे स्वतंत्र अस्तित्व आणि कार्य स्पष्ट केले. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्यांची संख्या साधारणपणे दीड लाख ते साडेचार लाख असते. दीड लाखाच्या खाली गेली की घट आणि साडेचार लाखांच्या वर गेली की वाढ, असे प्रयोगशाळा मानते. येथपर्यंतचे काम यंत्राचे आहे.

यापुढचा प्रश्न यंत्राला सोडविता येत नाही. संख्या का घटली? डेंग्यूने घटते, मलेरियाने घटते, लेप्टोस्पायरोसिसने आणि स्क्रब टायफसनेही घटते. यकृताच्या जुनाट विकारात प्लीहा वाढते आणि प्लेटलेट तेथे अडकून राहतात. काही औषधांनी त्या नष्ट होतात. अस्थिमज्जेत कर्करोगाचा शिरकाव झाला तर त्या तयारच होत नाहीत. शरीराची प्रतिकारशक्ती उलटून आपल्याच प्लेटलेटवर हल्ला करते असाही एक विकार आहे. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत काही स्त्रियांत होणारी किंचित घट बहुधा निरुपद्रवी असते. इतकेच काय, रक्त गोठू नये म्हणून परीक्षानळीत घातलेल्या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट नळीतच एकमेकींना चिकटतात, यंत्र त्यांना मोजू शकत नाही आणि धडधाकट माणसाच्या अहवालावर भीतिदायक आकडा छापला जातो. अशा वेळी काचपट्टीवर रक्ताचा थर घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, एवढाच उपाय असतो.

म्हणजे ऐंशी हजार हा एकच आकडा कोठे मृत्यूची सूचना असतो, तर कोठे केवळ नळीतील रसायनाचा परिणाम. या दोहोंमधील भेद करावयाचा तो डॉक्टरने, आणि तो भेद शब्दांत लिहून ठेवला तरच संकेतांकात उतरतो. अमेरिकेतील संकेतनाच्या अधिकृत नियमावलीत याविषयी स्पष्ट दंडक आहे. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या अहवालात नुसता कमी आकडा दिसला म्हणून संकेतन करणाऱ्याने स्वतःहून रोगाचा अंक घालावयाचा नाही. त्या आकड्याला वैद्यकीय महत्त्व आहे असे डॉक्टरने नमूद केले असेल तरच घालावयाचा. हा दंडक प्रथमदर्शनी कारकुनी वाटतो. परंतु आकडा आणि निदान यांतील अंतर मान्य करणारे शहाणपण त्याच्या मुळाशी आहे.

वर्गीकरणाची परंपरा

मृत्यूची आणि रोगांची कारणे एका समान यादीत बसविण्याचा उद्योग जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा आहे. इंग्लंडच्या नोंदणी कार्यालयात काम करणाऱ्या विल्यम फार याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याचा आग्रह धरला. एकाच रोगाला दहा गावी दहा नावे असतील तर त्यांची बेरीज करता येत नाही, हे त्याचे सांगणे होते. पुढे फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बेर्तियों याने तयार केलेली मृत्यूच्या कारणांची यादी १८९३ मध्ये शिकागो येथे आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र संस्थेपुढे आली आणि अनेक देशांनी ती स्वीकारली. १९४८ मधील सहाव्या आवृत्तीपासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले आणि मृत्यूच्या कारणांबरोबर रोगांचाही समावेश झाला. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. अकरावी २०१९ मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तथापि, अनेक देशांतील दैनंदिन व्यवहार अद्याप दहाव्या आवृत्तीच्या भाषेतच चालतो.

ही यादी म्हणजे केवळ कोश नव्हे. कोशात प्रत्येक शब्दाला जागा मिळते. वर्गीकरणात प्रत्येक रोग्याला कोणत्या तरी एका कप्प्यात बसवावे लागते, आणि कोणता कप्पा कोणत्या प्रकरणात ठेवावयाचा याचा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो. दहाव्या आवृत्तीत प्लेटलेटच्या घटीसाठी मुख्यतः डी ६९ हे घर आहे. त्यात डी ६९.३ म्हणजे प्रतिकारशक्ती उलटल्याने होणारा विकार, डी ६९.४ म्हणजे अन्य प्राथमिक घट, डी ६९.५ म्हणजे दुसऱ्या कोणत्या तरी कारणाने झालेली दुय्यम घट, आणि डी ६९.६ म्हणजे कारण न सांगितलेली घट. पण प्लेटलेट घटविणारा आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या करणारा एक अत्यंत घातक विकार या घरात नाहीच. तो एम ३१.१ या अंकाखाली, सांधे आणि संयोजी ऊतींच्या विकारांच्या प्रकरणात आहे. तातडीने उपचार न झाल्यास तो बहुधा प्राण घेतो, आणि त्यात केवळ आकडा वाढविण्यासाठी प्लेटलेट चढविणे सहसा टाळले जाते. ज्याने केवळ आकडा पाहून डी ६९.६ लिहिले त्याने हा रोगी चुकीच्या प्रकरणात नेऊन ठेवला, आणि कदाचित चुकीच्या उपचाराकडेही नेला.

वाढीच्या बाजूलाही हेच आहे. शरीरात लोह कमी असले, संसर्ग झाला, शस्त्रक्रिया झाली की प्लेटलेट वाढतात आणि कारण दूर झाल्यावर उतरतात. अस्थिमज्जेतील मूळ पेशीच बिघडल्यामुळे होणारी वाढ मात्र निराळी. तिचा अंक डी ४७.३ असून तो अर्बुदांच्या प्रकरणात आहे. लोहाच्या कमतरतेने साडेपाच लाख प्लेटलेट झालेल्या शिक्षिकेच्या कागदावर निष्काळजीपणे हा अंक पडला तर पुढील विमा उतरविताना तिला काय ऐकावे लागेल, याची कल्पना वाचकांनी करावी. अमेरिकेतील सुधारित आवृत्तीतसुद्धा दुय्यम वाढीसाठी आणि अनिर्दिष्ट वाढीसाठी वेगळे अंक निर्माण झाले ते १ ऑक्टोबर २०२१ पासून.

नावेही स्थिर नसतात. डी ६९.३ मधील विकाराला दीर्घकाळ ‘अज्ञातहेतुक’ म्हटले जात असे. त्याचे कारण प्रतिकारशक्तीत आहे हे स्पष्ट झाल्यावर २००९ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ‘अज्ञातहेतुक’ हा शब्द वगळला आणि निदानासाठी दीड लाखाऐवजी एक लाखाची मर्यादा सुचविली. एका बैठकीतील निर्णयाने एक लाख वीस हजार प्लेटलेट असलेला माणूस रोग्यांच्या यादीतून बाहेर पडू शकतो. संख्याशास्त्र वाचणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये.

संकेतांकाला पैशाचे मोल येते तेव्हा

अंक जोपर्यंत संख्याशास्त्रज्ञाच्या वहीत असतो तोपर्यंत तो चुकला तर निष्काळजीपणामुळे चुकतो. तो बिलावर येऊन बसला की चुकण्याला हेतू चिकटतो. अमेरिकेने १९८३ मध्ये वृद्धांच्या सरकारी विम्यासाठी रुग्णालयांना प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे पैसे देण्याचे सोडून निदानगटाप्रमाणे ठराविक रक्कम देण्याचा कायदा केला. त्यापूर्वीच, १९८१ मध्ये, डोनाल्ड सिमबोर्ग या डॉक्टरने इशारा दिला होता की अशा पद्धतीत रुग्णाची प्रकृती तीच राहील आणि कागदावरील निदाने मात्र वरच्या गटाकडे सरकत जातील. पुढील चाळीस वर्षांचा अनुभव त्या इशाऱ्याला दुजोरा देणारा आहे.

प्लेटलेटच्या बाबतीत त्याचे ठळक उदाहरण आहे. अमेरिकेतील वृद्धांचा विमा खासगी कंपन्यांमार्फत चालविण्याची जी योजना आहे, तीत सरकार प्रत्येक सभासदामागे कंपनीला रक्कम देते आणि सभासद जितका आजारी तितकी ती रक्कम अधिक असते. आजारीपण मोजावयाचे ते संकेतांकांवरून. या मोजमापाच्या आधीच्या पद्धतीत रक्त गोठण्याच्या विकारांचा एक गट होता आणि डी ६९.६, म्हणजे अनिर्दिष्ट घट, त्या गटात समाविष्ट होती. याचा परिणाम उघड आहे. उतारवयात अनेकांचा आकडा किंचित खाली असतो. त्याने त्रास होत नाही, त्यावर उपचारही नसतो. पण वर्षातून एकदा तो अंक कागदावर आला की कंपनीच्या उत्पन्नात भर पडते. सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या आणि २०२४ पासून तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने लागू केलेल्या नव्या पद्धतीत हा अनिर्दिष्ट अंक पैसे देणाऱ्या यादीतून वगळण्यात आला. प्रतिकारशक्तीच्या विकाराचा डी ६९.३ मात्र ठेवण्यात आला. कारण सांगणाऱ्या निदानाला किंमत आणि नुसत्या आकड्याला नाही, हे तत्त्व तेथे उशिरा का होईना मान्य झाले.

या कथेशी आपला संबंध दूरचा नाही. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ रोजी नवव्या आवृत्तीवरून दहाव्या आवृत्तीवर स्थलांतर केले तेव्हा निदानांचे संकेतांक सुमारे चौदा हजारांवरून जवळजवळ सत्तर हजारांपर्यंत गेले. ते बिनचूक घालण्यासाठी जी माणसे लागतात त्यांत भारतीय तरुणांचा भरणा मोठा आहे. चेन्नई आणि हैदराबादप्रमाणे पुणे आणि नवी मुंबई येथेही जीवशास्त्राचे पदवीधर संगणकासमोर बसून परदेशी रुग्णांचे कागद वाचतात. हेपारिन या औषधामुळे झालेली घट कोणती आणि कर्करोगाच्या औषधांमुळे झालेली कोणती, हा भेद ते रोज करतात आणि चुकले तर त्यांच्या कामाचे गुण कापले जातात. दूरदेशीच्या वृद्धाच्या प्लेटलेटचे कारण आपला पदवीधर दशांश चिन्हाच्या पलीकडे जाऊन नोंदवितो, आणि त्याच शहरातील रुग्णालयातून घरी आलेल्या त्याच्या वडिलांच्या कागदावर मात्र ‘व्हायरल फीव्हर’ एवढेच असते. म्हणजे उणीव कौशल्याची नाही. ते कौशल्य आपण आपल्यासाठी वापरीत नाही.

नोंदीतून दिसलेला धोका

संकेतांक म्हणजे केवळ पैशाचे साधन असे मानणाऱ्यांनी २०२१ मधील घटनाक्रम आठवावा. त्या वर्षी मार्चमध्ये युरोपातील काही देशांत अॅस्ट्राझेनेका कंपनीची कोविड लस घेतलेल्या मोजक्या व्यक्तींमध्ये एक विलक्षण चित्र दिसले. मेंदूच्या किंवा पोटातील रक्तवाहिन्यांत गुठळ्या होत होत्या आणि त्याच वेळी प्लेटलेट घटलेल्या होत्या. सामान्यतः प्लेटलेट घटल्या की रक्तस्रावाची भीती असते. येथे रक्त गोठत होते. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि नॉर्वे येथील डॉक्टरांनी या दोन विसंगत गोष्टी एकत्र मांडल्या, त्यामागील प्रतिपिंड शोधला, आणि ७ एप्रिल २०२१ रोजी युरोपीय औषध संस्थेने हा लसीचा अतिविरळ दुष्परिणाम म्हणून नोंदविण्याचा निर्णय घेतला. पुढे, २०२२ मध्ये, अमेरिकन आवृत्तीत या प्रकारच्या विकारांसाठी स्वतंत्र अंक आला.

या शोधाने उपचार बदलले. गुठळी दिसली की सर्रास दिले जाणारे हेपारिन येथे टाळावे, असा सल्ला तेव्हा देण्यात आला. ज्या देशांत रुग्णाच्या कागदावर घट आणि गुठळी या दोन्हींची नीट नोंद होती, तेथेच हे संबंध लवकर लक्षात आले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने हीच लस ‘कोव्हिशील्ड’ या नावाने तयार केली आणि आपल्या देशात ती कोट्यवधी लोकांनी घेतली. तिने फार मोठ्या संख्येने प्राण वाचविले यात शंका नाही. परंतु असा अतिविरळ धोका आपल्याकडील नोंदींतून, आपल्याच डॉक्टरांना, प्रथम दिसला असता काय? ज्या व्यवस्थेत प्लेटलेटची प्रत्येक घट एकाच अनिर्दिष्ट पोत्यात भरली जाते, तेथे लाखातील एखादे वेगळे प्रकरण हाती लागणे दुरापास्त आहे.

डेंग्यूच्या बाबतीत वर्गीकरणाचे बळ आणखी स्पष्ट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९७ च्या निकषांप्रमाणे रक्तस्रावी डेंग्यू ठरविण्यासाठी प्लेटलेट एक लाख किंवा त्याहून कमी असणे ही एक आवश्यक अट होती. त्यामुळे रोगी गंभीर असूनही आकडा एक लाख दहा हजार असला तर तो त्या कप्प्यात बसत नसे. संघटनेने २००९ मध्ये ही मांडणी बदलली. धोक्याची चिन्हे नसलेला डेंग्यू, ती असलेला आणि तीव्र डेंग्यू अशी नवी विभागणी आली, आणि पुढे दहाव्या आवृत्तीच्या सुधारणांत त्यासाठी ए ९७ हे नवे घर बांधण्यात आले. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपणे, पोटात सतत दुखणे, सुस्ती, रक्तस्राव यांना महत्त्व आले. प्लेटलेटची वेगाने होणारी घसरण धोक्याच्या चिन्हांत राहिली, पण रक्त दाट होण्याच्या जोडीने. केवळ आकड्याची सत्ता कागदावरून गेली.

लोकांच्या मनावरून ती गेलेली नाही. आकडा वीस हजारांवर आला की नातेवाईक रक्तपेढ्यांचे उंबरठे झिजवू लागतात आणि प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी मागेल ते मोल मोजतात. वास्तविक, सिंगापूर आणि मलेशिया येथे प्रौढ डेंग्यूरुग्णांवर केलेल्या आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे आढळले की रक्तस्राव नसताना केवळ आकडा कमी म्हणून प्लेटलेट चढविल्याने रक्तस्राव टळत नाही, उलट चढविण्याचे दुष्परिणाम मात्र होतात. आकड्यालाच रोग समजण्याची किंमत कुटुंबे अशी रोख मोजतात.

आपल्याकडील अंधार

आता प्रारंभीच्या शब्दसमूहाकडे वळू. ‘व्हायरल फीव्हर’ म्हणून ज्याची बोळवण झाली त्याला नेमके काय झाले होते? मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली होती. विदर्भात २०१८ मध्ये स्क्रब टायफसने बळी घेतले. या दोन्ही रोगांत ताप येतो आणि प्लेटलेट घटतात. दोन्ही जिवाणूंमुळे होतात, विषाणूंमुळे नव्हेत. आणि दोन्हींवर डॉक्सिसायक्लिनसारखे स्वस्त व जुने औषध वेळीच दिले तर उपयोगी पडते. अशा रोग्याला विषाणुजन्य तापाचा अंक देणे ही लेखनातील चूक राहत नाही. त्या गावातील पुढच्या रोग्यालाही ते औषध वेळेवर मिळणार नाही, अशी तरतूदच त्याने होते; कारण कागदावर तो रोग त्या गावात अस्तित्वातच नसतो.

नोंद आणि वास्तव यांतील दरी किती असू शकते याचा अंदाज डेंग्यूविषयीच्या एका अभ्यासावरून येतो. डोनाल्ड शेपर्ड आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासाने असे अनुमान काढले की २००६ ते २०१२ या काळात भारतात दरवर्षी सरासरी सुमारे ५८ लाख लोकांना वैद्यकीयदृष्ट्या ओळखता येईल असा डेंग्यू होत होता, आणि हा आकडा सरकारी नोंदीच्या २८२ पट होता. अनुमानात काही अतिशयोक्ती आहे असे धरून ते दहापट कमी केले तरी उरणारे अंतर लाज वाटावी असेच आहे. सरकार ठराविक प्रकारच्या चाचणीने सिद्ध झालेलेच रोगी मोजते. त्यात शास्त्रीय काटेकोरपणा आहे हे मान्य. पण खासगी दवाखान्यातील झटपट चाचणीवर ज्याचे उपचार झाले तो रोगी मग ना डेंग्यूत मोजला जातो ना अन्यत्र. तो अनिर्दिष्टांच्या गर्दीत नाहीसा होतो.

मृत्यूच्या नोंदीचे चित्र याहून बोलके आहे. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याखाली मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. तरीही २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या सुमारे ८१ लाख मृत्यूंपैकी जेमतेम साडेबावीस टक्के मृत्यूंच्या कारणाचे असे प्रमाणपत्र होते. या बाबतीत गोव्यासारखे छोटे राज्य देशाच्या अग्रभागी आहे, ही गोष्ट इच्छाशक्ती असली तर काय होऊ शकते हे दाखविते. आणि जेथे प्रमाणपत्र दिले जाते तेथे तरी काय लिहिले जाते? नमुन्यात पहिल्या भागात तात्कालिक कारण, त्याच्यामागचे कारण आणि सर्वांत खाली मूळ कारण, अशी साखळी लिहावयाची असते. वर्गीकरणाचा अंक पडतो तो मूळ कारणाला. ‘हृदयक्रिया बंद पडली’ असे लिहून ही साखळी तोडली जाते. ‘प्लेटलेट घटल्या’ असे लिहिले तरी तेच होते. हृदय तर प्रत्येक मृत्यूत बंद पडते. ते कशामुळे, हा प्रश्न विचारण्यासाठीच तो कागद असतो.

या अंधारात आता पैसाही आलेला आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि २३ सप्टेंबर २०१८ पासून केंद्राची कुटुंबाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देणारी योजना आली. या योजनांमुळे गरिबांना मोठ्या रुग्णालयांची दारे उघडली, हे त्यांचे श्रेय निःसंशय आहे. परंतु महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाने, योजनेच्याच नोंदींत मृत असलेल्या रुग्णांच्या नावावर पुढे उपचारांचे दावे झाल्याचे दाखवून दिले. रुग्ण जिवंत आहे की नाही हेही जेथे पडताळले जात नाही, तेथे प्लेटलेटची घट खरी की कागदी हे कोण पाहणार? नोंदीचा पाया घालण्याआधीच तिला पैशाशी जोडले तर अमेरिकेने चाळीस वर्षांत जे दोष अनुभवले ते आपल्याकडे दुप्पट वेगाने येतील.

काय करता येईल

डॉक्टरांची बाजू येथे ऐकून घेतली पाहिजे. तालुक्याच्या रुग्णालयात एका वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर सकाळी शंभर-दीडशे माणसे उभी असतात. प्रत्येकाच्या तापाचे मूळ शोधण्याइतक्या चाचण्या त्याच्याजवळ नसतात. असल्या तर त्यांचा अहवाल येईपर्यंत रोगी घरी गेलेला असतो. अशा वेळी ‘अनिर्दिष्ट’ लिहिणे हाच प्रामाणिकपणा होय, आणि वर्गीकरणात हा कप्पा त्यासाठीच ठेवलेला आहे. न झालेले निदान झाले असे लिहिण्यापेक्षा ते शतपटीने बरे. आक्षेप आहे तो तात्पुरत्या कप्प्याला कायमचा मुक्काम बनविण्यास, आणि चाचणी उपलब्ध असतानाही तेथेच थांबण्यास.

उपाय फार खर्चाचे नाहीत. पहिला, रुग्णालयातून घरी पाठविताना दिलेल्या निदानात नंतर आलेल्या अहवालाप्रमाणे दुरुस्ती करण्याची पद्धत सक्तीची असावी. दुसरा, जिल्हा रुग्णालयांत नोंदी सांभाळण्याच्या जागांवर प्रशिक्षित संकेतनकार नेमावेत. केंद्रीय आरोग्य माहिती संस्थेकडे या प्रशिक्षणाची सोय आहे आणि हे काम जाणणारे तरुण आपल्याच शहरांत रात्रपाळी करीत आहेत. त्या संकेतनकाराला, कागद अपुरा वाटल्यास डॉक्टरांना लेखी प्रश्न विचारण्याचा अधिकार असावा, ‘घट कशामुळे?’ एवढा एकच प्रश्न पुष्कळदा पुरेसा असतो. तिसरा, एखाद्या गावातून बी ३४.९ आणि डी ६९.६ ही जोडी वारंवार येऊ लागली तर तेथे तपासणी पथक पाठविण्याचा नियम करावा. अनिर्दिष्टांची गर्दी हीच साथीची पहिली घंटा मानावी. चौथा, सरकारी योजनेतून पैसे देताना नुसत्या आकड्यावर आधारलेल्या अंकाला मोल देऊ नये आणि प्लेटलेट चढविण्याच्या दाव्याबरोबर रक्तस्रावाची किंवा अन्य वैद्यकीय कारणाची नोंद मागावी.

पाचवी गोष्ट नागरिकांच्या हाती आहे. जन्ममृत्यू नोंदणीच्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. तीप्रमाणे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तेथे झालेल्या मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र विनामूल्य द्यावयाचे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यावयाची आहे. हा अधिकार फारच थोड्यांना ठाऊक आहे. दुःखाच्या प्रसंगी कागद वाचावयास सांगणे कठोर वाटेल. पण त्या कागदावरील मूळ कारणाची ओळ रिकामी असेल, तर त्या घरातील मृत्यूपासून गावाने काहीच शिकावयाचे नाही असा त्याचा अर्थ होतो. शाळांतील विज्ञानशिक्षकांनी, ग्रामपंचायतींच्या कारकुनांनी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी हा नमुना एकदा तरी पाहावा. तो समजण्यासाठी वैद्यकाची पदवी लागत नाही.

फार याने इंग्लंडमध्ये मृत्यूच्या याद्या लावावयास घेतल्या तेव्हा त्याच्याजवळ संगणक नव्हता, प्रतिपिंडांची चाचणी नव्हती आणि प्लेटलेट म्हणजे काय हे कोणालाच माहीत नव्हते. मृत्यू मोजले आणि त्यांची कारणे प्रामाणिकपणे लिहिली तर पुढचे मृत्यू टाळता येतात, एवढा विश्वास मात्र त्याच्याजवळ होता. आपल्याजवळ यंत्रे आहेत, अकरावी आवृत्ती आहे आणि तिचा वापर जाणणारे हजारो हात आहेत. येत्या पावसाळ्यात तापाने अंथरुणाला खिळणाऱ्या माणसाच्या कागदावर आकड्यापुढे त्याचे कारण लिहिले जावे, एवढी मागणी आरोग्य खात्याकडे करण्यास आपण आता उशीर करता कामा नये.